खालची ओळ

भगवंतराव मास्तरांना राग यायला फार काही लागत नसे. खडू मोडला तरी यायचा, पोरं उशिरा आली तरी यायचा, चहात साखर जास्त पडली तरी यायचा. पण सगळ्यात मोठा राग त्यांनी राखून ठेवला होता तो अर्धवट वाचणाऱ्यांसाठी. एखाद्या पोरानं ओळीतले पहिले दोन शब्द पाहिले आणि पुढचं मनानंच ठोकून दिलं, की मास्तर टेबलावर हात आपटायचे. "अबे, पूर्ण वाच! लिहिणाऱ्यानं खालची ओळ काय उगाच लिहिली?" पांढुर्ण्यातल्या एका मराठी शाळेत अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या हाताखालून गेलेली, आता मिशा फुटलेली माणसं बाजारात भेटली की दुरूनच ओरडायची, "मास्तर, खालची ओळ!" मास्तर वरून डोळे वटारायचे आणि मनातून खूश व्हायचे.

आणि घरात त्यांची स्वतःची लेक नेमकं तेच करायची.

नलिनी तिचं नाव. एकोणीसशे पंचावन्नच्या पावसाळ्यात हिवतापानं पोरीला असं धरलं की शाळेत नाव घालायचं राहूनच गेलं. मास्तर म्हणाले, घरात मास्तर असताना शाळेची एवढी घाई कशाला? अंगात ताकद येऊ द्या, सातव्या वर्षी थेट दुसरीत बसवतो. हे ते घरात म्हणाले असते तर ठीक होतं, पण हेडमास्तरांसमोर छातीठोकपणे सांगून बसले. मग काय, त्या दसऱ्याला पाटीपूजन झालं, पाटीवर एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढली, तिला झेंडूचं फूल वाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला शिकवणी सुरू झाली. बसायचं स्वयंपाकघरात. कंदील तिथं, चूल तिथं, थंडीत ऊबही तिथंच.

मास्तरांच्या बायकोचं नाव केसरबाई. त्यांचं माहेर दारव्ह्याच्या पुढं चार कोसांवरच्या एका खेड्यात. म्हणजे पांढुर्ण्याहून आधी नागपूर, तिथून मूर्तिजापूर, मग ती लहान रुळांची गाडी आणि शेवटी बैलबंडी. पुरते दोन दिवस मोडायचे. माहेरी म्हातारी आई होती आणि रामाजी नावाचा भाऊ. वर्षातून एकदा भाऊबीजेला केसरबाई जायच्या, एरवी रामाजीचं कार्ड यायचं. कार्ड मास्तर वाचायचे, कारण केसरबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या लहानपणी त्या गावात मुलींना कोणी शाळेत घालत नसे.

शिकवणीच्या वेळी केसरबाई चुलीपाशी असायच्या. कधी भाकरी थापायच्या, कधी तुरीच्या शेंगा सोलायच्या. तोंडानं एक शब्द नाही. सहा-सात महिने असे गेले.

एका संध्याकाळी मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'गाय गावाला गेली.' नलूनं 'गाय' वाचलं, पुढचा 'ग' पाहिला आणि झटक्यात सांगून मोकळी झाली, "गाय गवत खाते!"

"कुठं हाय खाते? बोट ठेवून दाखव मले!"

नलूचं बोट 'गाय'च्या पुढं सरकेना. मास्तरांचा आवाज चढला. तेवढ्यात चुलीकडून हळूच आवाज आला, "गावाला गेली."

मास्तरांनी वळून पाहिलं. केसरबाईंचे दोन्ही हात पिठात होते आणि डोळे पाटीवर.

दुसरा एखादा असता तर पाटी खाली ठेवून त्यानं बायकोला जवळ बसवलं असतं. बाप्पा, न शिकवता शिकलेली विद्यार्थिनी! अठरा वर्षांत मास्तरांना अशी एक मिळाली नव्हती. पण मास्तरांना काय दिसलं? मधात नाक खुपसणारी बाई दिसली.

"तू सांगून देते म्हणून पोट्टी डोकं चालवत नाही. मधात बोलू नको!"

"नाई बोलत," केसरबाई म्हणाल्या. "पण इथंच शिकवा. कानावर पडते तं बरं वाटते."

"तुले काय करायचं आहे वाचून?"

केसरबाईंनी परातीतलं पीठ उगाच इकडचं तिकडं केलं. "मायची चिठ्ठी आपली आपण वाचता आली असती."

यावर मास्तर हसले. चांगले मोठ्यानं हसले. "अवं, घरात मास्तर असताना तुले कायले पायजे वाचणं? मी हाय ना वाचाले!"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी ओसरीवर गेली. मधे भिंत आली. केसरबाईंना चूल सोडून बाहेर येऊन बसता येत नव्हतं, आणि बसा असं कोणी म्हणालंही नाही. तोवर अर्धीअधिक अक्षरं त्यांना कळायला लागली होती, उरलेली तशीच राहिली. फक्त एकदा, दुपारी मास्तर शाळेत असताना, त्यांनी नलूला विचारलं, "माय कसं लिवतात वं?" नलूनं परातीतल्या पिठात बोटानं लिहून दाखवलं. "आन् केसर?" तेही दाखवलं. हे दोन शब्द त्यांनी आठ दिवस रोज पिठात गिरवले आणि मग भाकरी थापल्या. मास्तरांना हे पुष्कळ नंतर कळलं. कळून तेव्हा काय उपयोग होता?

छप्पन साल उजाडलं होतं तेच राज्यं मोडायची आणि नवी करायची बातमी घेऊनच. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. नागपूर, अमरावती, यवतमाळ मुंबईकडं जाणार, आणि आपला छिंदवाडा जिल्हा, त्यात आपली सौंसर तहसील, नव्या मध्यप्रदेशात राहणार, राजधानी भोपाळ. आजवर नागपूर म्हणजे घरचंच. सकाळच्या गाडीनं जावं आणि रात्री जेवायला परत यावं. आता भोपाळ कुठं हो? सौंसरला शिक्षकांची बैठक झाली, तिथं कोणी म्हणालं की पुढं सगळं हिंदीत होईल, कोणी म्हणालं मराठी शाळांना कोण हात लावतो? नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. बैठकीहून मोटारीनं परत येताना मास्तरांनी वाटेतल्या संत्र्यांच्या बागांकडं एकदाही पाहिलं नाही. अठरा वर्षं मराठी शिकवलेला माणूस, उद्या आपली गरजच नाही म्हटलं तर? ही धास्ती त्यांनी बायकोला सांगितली नाही. मास्तर माणूस, भीती वाटते असं कसं सांगणार? त्यांनी ती रागातून बाहेर काढली.

त्यात हा रामाजी. मेहुणा मोठा थट्टेखोर. मागच्या भाऊबीजेलाच चार माणसांत तो म्हणाला होता, "दाजी, भाषणं ठोकाची सोडून तुम्ही मूग गिळून बसले, म्हणून तुमचा तालुका चालला!" सगळे हसले. मास्तरही हसले, पण ते त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

दसरा झाला आणि आठवडाभरात रामाजीचं कार्ड आलं. मास्तर नुकतेच शाळेतून आले होते. डोक्यावरची टोपीही काढली नव्हती. ओसरीच्या पायरीवर उभ्यानंच त्यांनी कार्ड डोळ्यांपुढं धरलं.

'ती. दाजींस रामाजीचा सा. नमस्कार. वि. वि. ऐकतो की तुमचं भोपाळ पक्कं झालं. आता तुम्ही परमुलखातले पाव्हणे. भाऊबीजेले येतानी परवाना काढा लागन काय?'

बस्स. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "याले दुसरं काही सुचतच नाही!" असं म्हणून त्यांनी कार्ड खुंटीवरच्या तारेत खोचून टाकलं. आलेली सगळी पत्रं त्या तारेत ओवलेली असायची.

कार्ड अजून संपलं नव्हतं. खाली, अक्षर बारीक करून, जागा पुरेना म्हणून कडेनं वळवून, आणखी चार ओळी लिहिलेल्या होत्या.

"काय म्हणते रामाजी?" आतून केसरबाईंनी विचारलं.

"खुशाल आहेत सगळे."

केसरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी तारेतून कार्ड काढून हातात घेतलं. तशा त्या नेहमीच घ्यायच्या, भावाचं अक्षर नुसतं पाहायला. पण या वेळी त्यांनी कार्ड उजेडाकडं केलं आणि कडेच्या ओळीवर बोट ठेवलं. "अवो, इथं माय लिवलं हाय ना? आन् हे… हे केसर?"

आता विचार करा. बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा आलेलं पत्र आपलं आपण वाचलं होतं, दोन शब्द का असेनात. आणि मास्तर कोटाच्या गुंड्या काढत होते.

"आशीर्वाद लिहिला आहे मायनं. केसरले आशीर्वाद. दर वेळी तेच असते," ते म्हणाले. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"एकदा वाचून दाखवा ना."

"सांगितलं ना काय लिहिलं ते! का माझ्यावर भरवसा नाही?"

केसरबाईंनी कार्ड परत तारेत लावलं.

त्या साली भाऊबीजेला जायचं नाही, हेही मास्तरांनीच ठरवलं. नव्या राज्यात पहिल्याच महिन्यात तपासणी येईल, रजा कशी मिळणार, असं कारण सांगितलं. खरं कारण रामाजीचं तोंड पाहायची इच्छा नव्हती. केसरबाईंनी दोन दिवस दिवाळीची साफसफाई केली. मग म्हणाल्या, "संक्रांतीले तरी नेजा." मास्तर हो म्हणाले.

दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी आणखी एक कार्ड आलं. वरचं अक्षर रामाजीचं आहे एवढंच मास्तरांनी पाहिलं आणि ते सरळ तारेत खोचलं. केसरबाई शेजारी करंज्या करू लागायला गेल्या होत्या. विचारायला घरात कोणी नव्हतं.

एक नोव्हेंबरला नवं राज्य झालं, आणि दुसऱ्या दिवशी दिवाळी आली. आकाश कोसळलं नाही. शाळा होती तिथंच राहिली, मराठीचे तासही तसेच राहिले. ज्या भीतीपायी माणूस महिनाभर घरात कुत्र्यासारखा गुरगुरला, ती भीती नुसतीच येऊन गेली. मास्तर थोडे निवळले. नलूच्या वाचनावर पुन्हा नेट लावला. पोरगीही सुधारली होती. पहिल्या शब्दावरून उडी मारायची सवय सुटली होती, बोट ओळीच्या टोकाला गेल्याशिवाय ती थांबत नसे. "खालची ओळ?" मास्तर विचारायचे. "नाही सोडली, बाबा," ती म्हणायची.

दिवाळीनंतरच्या आठवड्यातला शनिवार. शाळा दुपारीच सुटली. मास्तर घराच्या गल्लीत वळले तेव्हा त्यांना नलूचा आवाज ऐकू आला. पोरगी मोठ्यानं वाचत होती. पाटीवरचं नव्हे, पुस्तकातलंही नव्हे. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य मास्तरांना पाठ होतं. काहीतरी नवंच होतं आणि तिला कुठंही अडखळायला होत नव्हतं. मास्तर फाटकापाशीच थांबले. मधे जाऊन बोललं तर पोरगी बुजेल, म्हणून शेजारच्या कडुलिंबाआड उभे राहिले. ऊर भरून आला त्यांचा. वर्षभराची मेहनत फळाला आली, हेडमास्तरांना सोमवारीच सांगायचं, असं त्यांच्या मनात आलं. आवाजाची लय ते ऐकत होते. शब्द कानात शिरायला जरा वेळ लागला.

"…मंगळवारी पहाटे माय गेली. केसरसाठी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही. दिवाळीले तरी येईन म्हणून भाऊबीजेपर्यंत मायनं जीव धरून ठेवला…"

मास्तर कडुलिंबाआडून निघाले. त्यांनी फाटक लोटलं. "नलू, थांब!" म्हणायला ते पायरीकडं धावले.

ओट्यावर केसरबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. पायरीवर नलू, हातात कार्ड. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मौतीचं. ते घरात न्यायचं नाही, मोठ्या माणसानं बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं, मग आंघोळ करायची. वसंत पोस्टमननं बजावलंही होतं, "बाबा आले की त्यांच्याच हाती दे, बाई, घरात नेऊ नको." पोरीनं ते घरात नेलं नाही. केसरबाईंनी कोपरा पाहिला, तरी बाबा येईपर्यंत थांब म्हणाल्या नाहीत; पोरगी पायरीवर बसून आईला वाचून दाखवत होती. सहा वर्षांच्या लेकराला कोपऱ्याचं काय कळणार? तिला एवढंच कळत होतं की हे खरंखुरं पत्र आहे आणि ते आपल्याला वाचता येतंय.

तिनं बोट पुढं सरकवलं आणि शेवटची ओळ वाचली. "दारात पाय वाजला की माय म्हणे, केसर आली काय. कळावे. रामाजी."

मग तिनं वर पाहिलं. बाबा समोर उभे. चेहरा उजळला तिचा. "बाबा, एकही ओळ नाही सोडली!"



केसरबाई रडल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत गेल्या आणि तारेतली वरची दोन कार्डं काढून आणली. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. कार्डं नलूच्या हातात दिली. "हे वाच वं बाई. खालून वाच."

"केसर, अवं, ऐक…"

"वाच, नलू."

नलूनं वाचलं. आता तिलाही काहीतरी उमगलं होतं, आवाज बारीक झाला होता, पण बापानं लावलेली शिस्त होती, थांबली नाही. 'माय पंधरा दिवसांपासून अंथरुणाले खिळली. सारखी केसर केसर करून राहिली. दिवाळीची वाट पाहू नका. केसरले लवकर पाठवा.' मग दुसरं कार्ड. त्यात थट्टेचा एक शब्द नव्हता. 'मायनं अन्न सोडलं. दाजी, माझं बोलणं लागलं असन तं मले दोन जोडे मारा. पण माझा राग मायवर काढू नका. केसरले पाठवा.'

मास्तर ते पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या घरात पंधरा-वीस दिवस ते लटकत होतं, येताजाता त्यांच्या टोपीला लागत होतं, आणि ते आज पहिल्यांदा ऐकत होते.

केसरबाईंनी कार्डावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. "माय लिवलं होतं इथं. केसर लिवलं होतं. मी तुमाले दाखवलं होतं." बस्स, एवढंच त्या म्हणाल्या. मग उठून नाहायला गेल्या आणि न्हाणीतून त्यांचा पहिला हुंदका ऐकू आला.

त्याच संध्याकाळी ते दारव्ह्याला निघाले. रामाजीनं बहिणीला हाताला धरून आत नेलं. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. तेरवी झाल्यावर त्यांनी त्याचे पाय धरले. त्यानं उठवून बसवलं आणि पाणी दिलं. पण पुढं त्याची कार्डं यायची ती नुसती खुशालीची, वरून खालपर्यंत दोन ओळींची. थट्टा त्यानं पुन्हा कधी केली नाही.

परत आल्यावर महिनाभरानं मास्तरांनी पाटी पुसली, पेन्सिल घेतली आणि चुलीपाशी जाऊन बसले. "केसर, बस. उरलेली अक्षरं शिकवतो. पंधरा दिवसांत येतील तुले. तू लय हुशार आहे."

केसरबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "आता कोणाची चिठ्ठी येणार हाये मले?"

मास्तर बसून राहिले. पाटी त्यांच्या मांडीवर होती. भाकरी होईपर्यंत बसले, आणि मग पाटी फळीवर ठेवून दिली.

नलू दुसरीत बसली, पुढं शिकली, मॅट्रिक झाली. मास्तर शाळेत शिकवत राहिले, पण टेबलावर हात आपटायचे थांबले. बाजारात कोणी जुना विद्यार्थी "मास्तर, खालची ओळ!" म्हणून हाक मारायचा आणि मास्तर मान खाली घालून भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. लोकांना वाटे, म्हातारपणी मास्तर मऊ झाले.

नलूचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली. मग तिची कार्डं यायला लागली, आईच्या नावानं. मास्तर तेव्हा घरीच असायचे, पेन्शन सुरू झाली होती, चष्माही चांगला होता. पोस्टमननं कार्ड दिलं की केसरबाई ते पदराखाली घ्यायच्या आणि शेजारच्या छायाकडं जायच्या. छाया सातवीतली पोर. घरात मास्तर असताना.

मास्तर ओसरीवर बसून ऐकायचे. मधे एकच भिंत होती, सगळं ऐकू यायचं. छाया भरभर वाचायची, नलूची खुशाली, जावयाची बदली, पोराला आलेले दात. वाचून झालं की केसरबाई दर वेळी तिला तेच विचारायच्या.

"सगळं वाचलं ना वं? खालची ओळ रायली तं नाई ना?"